हे काय काम करतंय?

एमजीबी ही दोन माणसांची, उघड्या टपाची इंग्रजी गाडी. तिचा कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद पडला. चार दशकांहून जास्त काळ लोटला, तरी आज या गाडीचा दरवाजा मागवा, बोनेट मागवा, काचेखालची रबरी पट्टी मागवा, डिकीचं कुलूप मागवा. चार-सहा दिवसांत खोकं दारात येऊन पडतं. अख्खी बॉडीसुद्धा नवीकोरी मिळते. माणसानं बनवलेल्या फार थोड्या वस्तूंच्या नशिबी असं मरणोत्तर आयुष्य येतं.

आणि तरीही ही गाडी बाळगणारी चार माणसं एकत्र जमली, की चहाचा पहिला कप संपायच्या आत बोलणं एकाच तक्रारीवर येतं. सगळं मिळतं, पण चांगलं मिळत नाही.

माझ्याकडची एमजीबी १९६९ सालची आहे. रंग ब्रिटिश रेसिंग ग्रीन. सावलीत तो जवळजवळ काळा दिसतो आणि उन्हात आल्यावरच हिरवा असल्याचं कबूल करतो. इंग्लंडात ऊन कमी, त्यामुळे वर्षातले बरेच दिवस माझी गाडी काळीच असते. मी ऑक्सफर्डशरमध्ये राहतो. जिथे ही गाडी जुळवली गेली ते अ‍ॅबिंग्डन माझ्या घरापासून लांब नाही. थेम्सच्या काठचं जुनं, शांत गाव. १९३० च्या आसपास एमजीनं तिथल्या एका जुन्या चामड्याच्या कारखान्यात बिऱ्हाड थाटलं आणि पुढची पन्नास वर्षं तिथून स्पोर्ट्‌स कार बाहेर पडत राहिल्या. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं गाड्या विकणारं आणि दुरुस्त करणारं दुकान. त्याचा व्यवस्थापक सेसिल किंबर याला साध्या मॉरिस गाड्यांना देखणं रूप द्यायची हौस होती. त्या हौसेतून हे सगळं उभं राहिलं.

एमजीबी बाजारात आली १९६२ मध्ये. अठरा वर्षांत बंद टपाची जीटी धरून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जहाजात बसून अमेरिकेला गेल्या. आज सुटे भाग मिळतात ते या पाच लाखांच्या पुण्याईवर. ज्या गाडीच्या जेमतेम दोन-तीन हजार प्रती निघाल्या, तिच्या मालकाला हेडलॅम्पच्या एका कड्यासाठी वर्षभर पत्रव्यवहार करावा लागतो. एमजीबीवाल्याला तेच कडं कॅटलॉगच्या पानावर तीन किमतींत मिळतं. या व्यापाराचा एक मोठा खांब तर इंग्लंडात नाहीच, कॅलिफोर्नियात आहे. अ‍ॅल मॉस नावाच्या माणसानं १९४८ मध्ये लॉस एंजेलिसला ब्रिटिश गाड्यांचं गॅरेज काढलं, त्याचं पुढे सुट्या भागांचं केवढं तरी मोठं घराणं झालं.

बॉडीची कथा त्याहून नवलाची. कारखाना बंद झाल्यावर पत्रे दाबायच्या मूळ डाय इकडे तिकडे पडून होत्या. काही गंजत होत्या, काही भंगारात जायच्या बेतात होत्या. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीनं त्या हुडकून गोळा केल्या आणि १९८८ पासून एमजीबीची पूर्ण बॉडी पुन्हा बनवायला घेतली. आजही ऑक्सफर्डशरमधल्याच विटनी गावात हे काम चालतं. गंजून भुगा झालेल्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, चाकं काढायची आणि नव्या बॉडीत बसवायची. ही बॉडी हाताशी होती म्हणून १९९२ मध्ये तिच्यावरच आरव्ही-८ नावाची नवी एमजी बेतली गेली. जेमतेम दोन हजार बनल्या, त्यांतल्या बहुतेक जपानला गेल्या. गाडीतून सुटे भाग निघतात हे आपण रोज पाहतो. इथे सुट्या भागातून गाडी निघाली.

या बॉडीचा पत्रा आणि कुणीतरी जुन्या पत्र्यावरून बेतून काढलेला पत्रा शेजारी ठेवले, तर आधी काहीच फरक दिसत नाही. फरक कळतो बसवताना. मूळ डायमधून आलेला मडगार्ड बोल्टांच्या भोकांवर आपणहून येऊन टेकतो. नकलेचा मडगार्ड पुढे जुळला की मागे उघडा पडतो, मागे जुळवला की दाराशी भांडतो. मग पत्रेकाम करणारा माणूस हातोडी घेतो, कापतो, जोडतो, घासतो. स्वस्तातल्या मडगार्डचे वाचलेले पैसे त्याच्या मजुरीत जातात, वर आणखी थोडे जातात.

पण पत्रा निदान बोलून तरी दाखवतो, मी बसत नाही म्हणतो. खरे फसवे असतात ते गुपचूप जागेवर बसणारे भाग.

डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली रोटर आर्म नावाचा एक तुकडा असतो. अंगठ्याच्या पेराएवढा, बेकेलाइटचा किंवा प्लास्टिकचा, वर एक पितळी पातं. कॉइलकडून आलेली वीज चार प्लगांना ज्याची त्याला वाटून द्यायची, एवढंच याचं काम. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर हे वाटप सेकंदाला शंभर वेळा होतं, आणि दर वेळी हजारो व्होल्ट त्या पितळी पात्यावरून उडी मारतात. पात्याच्या खाली, प्लास्टिकच्या पोटात, लोखंडी दांडा असतो. विजेला त्या दांड्यात शिरायची फार घाई असते. तिला अडवतं ते मधलं दोन-चार मिलिमीटरचं प्लास्टिक.

मध्यंतरी बाजारात अशा काही रोटर आर्म आल्या, की ज्यांचं पातं धरून ठेवणारा रिव्हेट गरजेपेक्षा खोल गेला होता आणि प्लास्टिकही विजेला पुरतं अडवणारं नव्हतं. दिसायला तंतोतंत. हातात घेतल्यावर वजनही तेच. गाडी सुरू होई, चाले, इंजिन पुरतं तापलं की एखाद्या चौकात ठप्प. वीज प्लगकडे न जाता रिव्हेटमार्गे दांड्यात उतरायची. माझी गाडी अशीच ऑक्सफर्डच्या रिंगरोडवर उभी राहिली. ओढायला आलेल्या माणसानं बोनेट उघडलं, टोपी काढली आणि इतकंच विचारलं, “जुना आहे का गाडीत?” होता. पुसून बसवला. गाडी घरी आपल्या पायांनी आली. नंतर या प्रकाराचा इतका बोभाटा झाला, की जाणकारांनी रिव्हेटच नसलेली लाल रंगाची रोटर आर्म काढली. आज कुणाच्याही गाडीची टोपी उघडल्यावर आत लाल तुकडा दिसला, की मालकानं कधीतरी रस्त्याच्या कडेला बसून विचार केलेला आहे असं खुशाल समजावं.

गंमत अशी, की ज्या लुकास कंपनीच्या विजेच्या सामानावर इंग्रजांनी आयुष्यभर विनोद केले, जिला ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी बहाल केली, तिचाच पन्नास वर्षांपूर्वीचा तुकडा आज लोक रुमालात गुंडाळून डिकीत ठेवतात. मला त्या विनोदांचं हसू उशिरा येऊ लागलं. आमच्याकडे लुकास हे नाव टीव्हीएसशी जोडलेलं आणि चांगलं भारदस्त होतं. बसच्या डायनॅमोवर आणि स्टार्टरवर ते लहानपणी वाचलेलं.

मग प्रश्न येतो. दिसायला तंतोतंत असलेला भाग चांगला का नाही? बनवणाऱ्यानं नमुना समोर ठेवला, मापं घेतली, साचा केला, माल ओतला. चुकलं कुठे?

याचं उत्तर मला एमजीच्या कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. ते मला फार आधी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मामांच्या लेथसमोर मिळून गेलं होतं; फक्त तेव्हा ते माझ्या कामाचं नव्हतं.

शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, मिलिंग, ओतशाळा आणि चहाच्या गाड्या. परदेशी भाग आयात करणं जवळजवळ अशक्य होतं त्या काळात अर्धा पश्चिम महाराष्ट्र मोडलेले भाग वर्तमानपत्रात गुंडाळून तिथे येई. ऑइल इंजिनाचा, जीपचा, अ‍ॅम्बॅसडरचा, गुऱ्हाळाचा. गिऱ्हाईक म्हणे, “मालक, अगदी असंच दुसरं करून द्या.” मामा व्हर्निअरला हात लावत नसत. तुकडा उजेडाकडे धरून फिरवत आणि विचारत, “हे काय काम करतंय?” गिऱ्हाईक चुळबुळ करी. त्याला माप हवं असे, चौकशी नको असे. मामा म्हणत, “असंच क्येलं तर असंच मोडंल की वं.”

तुकडा कुठल्या बाजूनं चकाकतोय, कुठे निळा पडलाय, मोडलेल्या जागी दाणा कसा दिसतोय, हे सगळं ते आधी पाहत. भाराची बाजू कुठली, घासण्याची कुठली, तेल येतं कुठून, हे कळल्यावर मग मापं. तेही झिजलेल्या बाजूचं माप कधी घेत नसत. झिजलेल्या नमुन्यावरून केलेला भाग जन्मतःच झिजलेला असतो, हे त्यांना शिकवायला कुणी आलं नव्हतं.

आकार डोळ्यांना दिसतो, तो आकार का आहे ते दिसत नाही. एमजीबीच्या इंजिनातला कॅम फॉलोअर घ्या. गॅरेजात याला टॅपेट म्हणतात. लहानशा लोखंडी पेल्यासारखा. कॅमशाफ्ट फिरतो, त्याचा उंचवटा या पेल्याच्या तळाला वर ढकलतो, तो वर गेला की व्हॉल्व्ह उघडतो. असे आठ. तळ पाहिला तर आरशासारखा सपाट. प्रत्यक्षात तो सपाट नसतो. मधोमध अगदी किंचित, केसाच्याही अंशानं, फुगवलेला असतो. आणि कॅमचा उंचवटाही एका बाजूला तितकाच किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे कॅमचा दाब बरोबर मध्यावर न पडता थोडा बाजूला पडतो आणि दर ठोशाला टॅपेट स्वतःभोवती जरासा गिरकी घेतो. गिरकी घेतली की रोज नवी जागा घासली जाते, झीज सगळीकडे वाटली जाते आणि तो पेला लाख मैल चालतो.

आता कुणी जुना टॅपेट घेऊन त्याची नक्कल करायला बसला. त्याला दिसला सपाट तळ, त्यानं सपाट घासला. किंवा कडकपणा चार अंशांनी कमी ठेवला, कारण कडक करायला भट्टीचा वेळ लागतो आणि वेळेला पैसे लागतात. असा टॅपेट इंजिनात सुखानं बसतो. पहिले काही शे मैल आवाजसुद्धा वेगळा येत नाही. पण तो फिरत नाही, एकाच रेषेवर मार खातो. मग तळ खरवडला जातो, कॅमचा उंचवटा झडतो आणि ती बारीक लोखंडी पूड तेलाबरोबर बेअरिंगांपर्यंत जाते. भाग किरकोळ किमतीचा, इंजिन पुन्हा पूर्ण उघडायचं.

मी एकदा असा खरवडलेला टॅपेट मामांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. आता त्यांचा लेथ भाच्यापुतण्यांच्या हाती आहे आणि ते स्वतः उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसतात. त्यांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, “जाग्यावर फिरतंय का न्हाई ते?”

“मामा, तुम्हाला कसं कळलं?”

“एकाच अंगानं खाल्लंय की. अ‍ॅम्बॅसडरचं बी असंच हुतं.”

बरोबरच होतं. माझ्या गाडीचं इंजिन १७९८ सीसीचं, त्यांच्या अ‍ॅम्बॅसडरचं १४८९ सीसीचं. पण रक्त एकच. दोन्ही बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातली. एमजीबीच्या आधीची एमजीए १९५५ मध्ये आली तीही १४८९ सीसीचंच बी-सिरीज इंजिन घेऊन, फक्त दोन कार्ब्युरेटर लावून आणि जरा तिखट करून. इंग्लंडात ज्या इंजिनाला लोक गॉगल लावून रविवारी फिरायला नेत, त्याच इंजिनाच्या भावंडानं आमच्याकडे कलेक्टरसाहेबांना दौऱ्यावर नेलं, लग्नाची वऱ्हाडं ओढली, घाट चढताना बोनेट उघडून दम खाल्ला. मामांनी एमजी कधी पाहिली नव्हती. तिचं काळीज मात्र त्यांना तोंडपाठ होतं.

कार्ब्युरेटरचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबायला हवं, कारण या गाडीत मला सर्वांत लोभस वाटणारी वस्तू तीच आहे. एमजीबीला दोन एसयू कार्ब्युरेटर असतात. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर घराणं मूळचं लंडनच्या पादत्राणांच्या धंद्यातलं, आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या ओढीनं वरखाली होणारा भाता चक्क चामड्याचा होता. पुढे चामडं गेलं, त्याच्या जागी घुमटासारख्या टोपीत सरकणारा पिस्टन आला. हवा जास्त ओढली गेली की पिस्टन वर उचलला जातो, त्याच्या पोटातली निमुळती सुई वर येते आणि पेट्रोलची वाट तेवढीच मोकळी होते. पिस्टननं हिसके देऊ नयेत म्हणून वरून तेलाचे चार थेंब घालायचे. इतकं साधं, इतकं समंजस यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण या समंजसपणाला एक अट आहे. पिस्टन आणि त्याची टोपी ही जोडी एकमेकांसाठीच घडवलेली असते. मधली फट इतकी बारीक, की पिस्टन अडकायला नको आणि हवाही निसटायला नको. दोन कार्ब्युरेटर एकाच टेबलावर उघडून एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या टोपीत घातला, की दोन्ही बिघडतात, आणि बिघाड सापडत नाही, कारण प्रत्येक भाग अस्सल असतो. तेव्हा ‘अस्सल’ या शिक्क्यानं सगळं भागत नाही. भाग अस्सल हवा आणि ज्याच्याशी त्याचं नातं आहे तोही तोच हवा. सॅलिसबरी शहरात एसयू कार्ब्युरेटर आणि त्यांचे सुटे भाग आजही बनतात. जुन्याच नकाशांवरून, जुन्याच मापांनी. ते महाग वाटतात. पण सुई, जेट आणि दांड्याचं बुश हे तीन तुकडे चांगले घातले, की ट्रॅफिक सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचा श्वास असा काही संथ लागतो, की सिग्नल हिरवा होऊ नये असं वाटतं.

कारण दिसत नाही याचं एक ऐतिहासिक उदाहरण एमजीच्याच घरात आहे. १९४५ ते १९५५ या काळातल्या टीसी, टीडी, टीएफ या एमजींच्या इंजिनावर बोल्टाच्या डोक्याला व्हिटवर्थ मापाचा, म्हणजे अस्सल इंग्रजी पाना लागतो. कुणालाही वाटेल की आटेही व्हिटवर्थच असतील. ते निघतात मेट्रिक, फ्रेंच धाटणीचे. पहिल्या महायुद्धात पॅरिसच्या हॉचकिस कंपनीनं कॉव्हेंट्रीत कारखाना टाकला होता. १९२३ मध्ये विल्यम मॉरिसनं तो विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, आटे फ्रेंच मापाचे पाडणारी. ती बदलायची तर खर्च. पण इंग्रज मेकॅनिकच्या खिशातले पाने व्हिटवर्थचे. म्हणून आटे मेट्रिक ठेवले आणि डोकं व्हिटवर्थचं केलं. ही तडजोड तीस वर्षं टिकली. हा इतिहास ठाऊक नसलेला माणूस डोक्याचं माप बघून बोल्ट मागवतो, जोर लावून पिळतो आणि ब्लॉकमधले सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे आटे खाऊन टाकतो.

मग काही जण म्हणतात, नव्याच्या नादी लागूच नये. जुन्या काळी बनलेले, कधीच न वापरलेले भाग शोधावेत. न्यू ओल्ड स्टॉक म्हणतात त्याला. यासाठीची पंढरी म्हणजे ब्यूली. दक्षिण इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्टमध्ये, राष्ट्रीय मोटार संग्रहालयाच्या आवारात, १९६७ पासून सप्टेंबरमध्ये तिथे जुन्या भागांचा बाजार भरतो. ओल्या गवतावर मैलभर टेबलं. टेबलांवर दिवे, घड्याळं, हॉर्न, कुणाचं तरी अर्धं स्टीअरिंग. विक्रेते बहुतेक म्हातारे. पावसात टोपी सारखी करून सँडविच खात बसलेले. खोक्यावरचं बीएमसीचं चिन्ह दिसलं की काळजाचा ठोका चुकतो. आतला मेणकागद उलगडला की पन्नास वर्षांपूर्वीच्या ग्रीसचा वास येतो, आणि त्या वासाला कुठलाही शहाणा माणूस दोन पौंड जास्तच देतो.

मात्र जुनं ते सोनं हे फक्त सोन्याला लागू आहे. लोखंड जुनं घ्यावं, पितळ जुनं घ्यावं, रबर कधी जुनं घेऊ नये. पन्नास वर्षं खोक्यात झोपलेला ब्रेकचा रबरी वॉशर वापरला नसला तरी म्हातारा झालेलाच असतो. कंडेन्सरचंही तेच. शिवाय काळ बदलतो तो गाडीखालून. बी-सिरीजच्या हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठकी बनल्या तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं आणि ते शिसंच त्या बैठकींचं रक्षण करी. इंग्लंडात २००० साल उजाडलं आणि शिशाचं पेट्रोल गेलं. आता मूळ हेडमध्येही कडक पोलादाच्या बैठकी बसवून घेणं शहाणपणाचं. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. ते जुन्या रबरी नळ्या आतून फुगवतं, भेगाळतं. मूळ प्रतीची नळी हौसेनं शोधून लावली तर ती पेट्रोल गाळत इंजिनावर टपकेल. इथे जुनी नळी निकामी आणि इथेनॉल सोसणारी आजची नळी चांगली. मामांचा प्रश्न इथेही पुरतो. हे काय काम करतंय, आणि आता कशाच्या संगतीत करतंय?

या व्यवहारातला मला सर्वांत आवडणारा रिवाज म्हणजे जुना देऊन नवा घेणं. एमजीबीच्या पुढच्या चाकांना आर्मस्ट्राँग कंपनीचे दांडीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात. ते चांगले हवे असतील तर जुनेच परत घडवून घेतात. झिजलेली जागा पोखरून मोठी करायची, नवं बुश ठोकायचं, नवं सील, नवं तेल. दुकानदार घडवलेला जोड देतो आणि तुमचा जुना परत येईपर्यंत त्याच्यापोटी अनामत धरून ठेवतो. तुमचा तुटका, तेल गळणारा तुकडा त्याला हवा असतो, कारण उद्याचा चांगला तुकडा त्यातूनच निघायचा असतो. विरजणासाठी चमचाभर दही मागे ठेवतात तसं हे आहे. सगळ्यांनी सगळं संपवून टाकलं तर दुसऱ्या दिवशी लावायला काही उरत नाही.

मग वाईट भाग बनतात तरी का? दोष देशाला देणं सोपं असतं. खोक्यावर ‘मेड इन इंडिया’ किंवा ‘मेड इन चायना’ वाचून क्लबातला एखादा सद्‌गृहस्थ मान हलवतो आणि मग मी शेजारी उभा आहे हे आठवून हवापाण्याबद्दल बोलू लागतो. मला राग येत नाही. कोल्हापूरच्या ओतशाळांमधलं कास्टिंग जगभरच्या गाड्यांच्या पोटात बसलेलं आहे, आणि ते मायक्रॉनच्या हिशेबानं तपासून घेतलं जातं, कारण मागवणारा तपासतो. त्याच गावाला कुणी फोटो पाठवला, नकाशा पाठवला नाही, निम्मा भाव सांगितला आणि माल आल्यावर पेटी उघडून पाहिली नाही, तर तिथूनही फोटोसारखाच भाग येईल. माल कुठे बनला यापेक्षा तो कुणी आणि कसा मागवला याला महत्त्व आहे. अ‍ॅबिंग्डनला भाग नाकारणारा माणूस दारात बसलेला असे. कारखाना बंद झाला तेव्हा भाग बनवणारे पुष्कळ उरले, तो नाकारणारा तेवढा घरी गेला.

त्याची खुर्ची आज रिकामी आहे, आणि ती भरण्याचं काम आपसूक आपल्यावर, गिऱ्हाइकांवर आलेलं आहे. पण आपण काय करतो? तीन दुकानांचे कॅटलॉग उघडतो, आकडे वाचतो आणि सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवतो. तिन्ही दुकानांत पुष्कळदा एकाच कारखान्याचा माल वेगवेगळ्या खोक्यांत असतो. भाग बिघडला की आपण कुरकुरतो, पण परत पाठवायचा कंटाळा करतो, कारण टपालखर्च भागापेक्षा जास्त. दुकानदाराच्या वहीत तो भाग चांगला विकला गेला म्हणून नोंदला जातो आणि पुढची खेप मागवली जाते. वाईट भाग असे आपल्या आळसावर पोसले जातात. परत पाठवलेलं प्रत्येक खोकं मात्र त्या वहीत काट मारतं. क्लबांनी इथे मोठं काम केलं आहे. १९३० चा एमजी कार क्लब असो की १९७३ चा एमजी ओनर्स क्लब, त्यांच्या मासिकांत कुठला भाग टिकला आणि कुठला दगा देऊन गेला याची चर्चा वर्षानुवर्षं होत आली आहे. ज्या भागांवर पुरेसा आरडाओरडा झाला ते सुधारले. लाल रोटर आर्म हा तसल्याच आरड्याओरड्याचा पुरावा.

तुमच्याकडे एमजी असण्याची शक्यता कमी आहे. पण वडिलांची लँब्रेटा असेल, जावा असेल, आजीचं शिवणयंत्र असेल, अंगणात उभी अ‍ॅम्बॅसडर असेल. तिला भाग लागेल तेव्हा दुकानात किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. कुणी बनवला, कशाचा बनवला, आणि बिघडला तर परत घेणार का. उत्तर मिळालं तर दोन पैसे जास्त द्या, घासाघीस करू नका. उत्तर मिळालं नाही तर खोकं काउंटरवरच ठेवून या. बिघडलेला भाग टपालखर्च सोसूनही परत पाठवा. आणि नवा बसवल्याच्या आनंदात जुना भंगारवाल्याला देऊ नका. नवा वर्षभर नीट चालेपर्यंत तो पुसून, कागदात गुंडाळून, वर नाव लिहून फळीवर ठेवा. नव्यानं दगा दिला तर तोच घरी आणेल, आणि नाही दिला तरी पुढं कुणाला तरी नमुना म्हणून लागेल.